खालच्या डीबीत जागा उरली नाही, वरच्या मजल्यासाठी सब डीबी स्वतः बसवावा का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: साताऱ्यातलं जुनं घर, त्यावर नवा मजला काढलाय. वर दोन एसी, एक गिझर आणि इंडक्शन येणार. खालच्या डीबीत (वीज वाटणाऱ्या स्विचांच्या बॉक्समध्ये) एकही घर, म्हणजे स्विच बसवायची जागा, रिकामं नाही, आणि अमेरिकन व्हिडिओ बघून वर सब डीबी, म्हणजे खालच्या डीबीवरून वीज घेणारा दुसरा बॉक्स, स्वतःच बसवावा असं मनात आहे.

सब डीबी जरूर बसवा, तो विचार बरोबर आहे. जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. वायरिंग हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून आग्रहानं सांगतो. आखणी तुम्ही करा, कारण घरात कुठं काय चालणार हे तुम्हाला जास्त माहीत. पुढचं सगळं त्यासाठीच लिहितोय, म्हणजे काम चालू असताना काय बघायचं ते तुम्हाला कळेल.

आधी हिशेब. सब डीबी लावल्यानं घरात येणारी वीज वाढत नाही, फक्त वाटा वाढतात. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर घेतो. इंडक्शन तेवढंच. दीड टनाचा एसी भर उन्हात ७-८ अँपिअर. दोन एसी धरले, वर दिवे, पंखे, प्लग धरले की बेरीज ४० च्या घरात जाते. पण गिझर सकाळी आणि एसी रात्री, त्यामुळे हे सगळं एकदम चालत नाही. वरच्या मजल्याला ३२ अँपिअरची लाईन पुरेल. खालचा फ्रिज, पंप, मिक्सर त्यात मिळवा आणि लाईट बिलावरचा ‘मंजूर भार’ बघा. तो दोन-तीन किलोवॉटच असेल, तर सब डीबीच्या आधी महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करा. खांबावरून आलेली सर्व्हिस वायर आणि मीटर हे जुन्या भाराच्या मापाचे असतात. त्यांच्यावर दुप्पट ओझं टाकलं की पहिल्यांदा तिथलेच जोड तापतात. भारवाढीत थ्री फेज घ्यायचं ठरलं, तर डीबीची निवडही बदलते, म्हणून हा क्रम उलटा करू नका.

खालून वर जाणारी वायर १० चौरस मिमी तांब्याची घ्या. हिशेबानं ६ मध्येही भागतं म्हणणारे भेटतील. भिंतीतल्या पाईपमध्ये, एप्रिल-मेच्या उष्म्यात वायरची क्षमता कमी होते, आणि एकदा प्लास्टर झालं की ती वायर बदलणं म्हणजे पुन्हा भिंत फोडणं. फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही १० चे. अर्थची वायर बारीक टाकायची सवय काही कामगारांना असते, तिला हो म्हणू नका. खाली या लाईनला स्वतःची ३२ अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) हवी. डीबीत घर नाही म्हणून मेन स्विचच्या एकाच टर्मिनलमध्ये जुनी आणि नवी वायर मिळून कोंबली जाते. तो स्क्रू धड कुणालाच आवळत नाही. मेन स्विचनंतर छोटा वेगळा बॉक्स लावून त्यातून ही एमसीबी काढा, किंवा खालचा डीबीच मोठा बदला.

आता न्यूट्रल. बहुतेक सब डीबी इथंच फसतात. वर ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावाल, लावायलाच हवी. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. आता जिन्याचा दिवा घ्या. टू-वे स्विच, एक खाली, एक वर. वायरमन फेज खालच्या डीबीतून घेतो आणि न्यूट्रल वर जवळ सापडला म्हणून वरच्या डीबीतून. साध्या ९ वॉटच्या एलईडीचा करंट किमान ३९ मिलीअँपिअर. तो एका बाजूनं गेला आणि दुसऱ्या बाजूनं आला, म्हणून कुठंही गळती नसताना, जिन्याचा दिवा लावला की वरची आरसीसीबी पडते. मग कोणीतरी ‘आरसीसीबीच खराब आहे’ म्हणून ती काढून टाकतो आणि वरचा मजला विनासंरक्षण राहतो. उपाय एवढाच की ज्या डीबीचा फेज, त्याच डीबीचा न्यूट्रल. जिना खालच्या डीबीवर ठेवा आणि वायरमनला कामाच्या आधीच तसं सांगा.

खाली आधीच ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी असेल, तर वरची लाईन तिच्यानंतर घेऊ नका. वरच्या गिझरमध्ये गळती झाली तर दोन्हींपैकी कोणतीही पडू शकते, आणि खालची पडली तर सगळं घर अंधारात. मेन स्विचनंतर, पण त्या आरसीसीबीच्या आधी फाटा घ्या. गिझरला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) दिला तर उत्तमच.

अमेरिकन व्हिडिओबद्दल. तिथं घरात १२० आणि २४० व्होल्ट अशी दोन्ही येतात, आणि मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल व अर्थ एकत्र जोडलेले असतात. आपल्याकडे ग्राहकाच्या बाजूला हे दोन कुठंही जोडायचे नाहीत, मुख्य डीबीत नाही आणि सब डीबीतही नाही. न्यूट्रल लिंक (वायरी जोडायची पट्टी) वेगळी, अर्थ लिंक वेगळी. ते एकत्र असताना मागचा न्यूट्रल तुटला, तर गिझरच्या आणि फ्रिजच्या पत्र्यावर करंट येतो. आपल्या वायरीचे रंगही वेगळे: लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ.

जुन्या घराची अर्थिंग आधी तपासून घ्या. पूर्वी नळाच्या लोखंडी पाईपला अर्थ जोडत. नंतर पाईप प्लास्टिकचे झाले आणि अर्थ नावापुरता उरला. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडली म्हणजे अर्थिंग ठीक आहे असं धरू नका. ते बटण अर्थ वापरतच नाही, अर्थची वायर पूर्ण तुटलेली असली तरी आरसीसीबी पडते. अर्थिंगच्या खड्ड्याची मोजणी अर्थ टेस्टरनंच होते. भेगाळलेला, कोरडा खड्डा असेल तर नवा करून घ्या. नव्या मजल्याचा खर्च चालूच आहे, त्यात हा खर्च टाळू नका.

एसीला सी कर्व्ह एमसीबी (सुरू होतानाचा क्षणिक जास्त करंट सोसणारी) आणि ४ चौरस मिमी वायर, गिझरला ४, साध्या प्लगना २.५, दिव्यांना १.५. बाकी डीबी मोठा घ्या, चार-पाच घरं रिकामी राहू द्या. बाथरूमच्या भिंतीवर किंवा कपाटात बसवू नका. काम संपलं की ५०० व्होल्टच्या मेगरनं (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) तपासणी करून टेस्ट रिपोर्ट मागा.

एक धोका आधीच सांगतो. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणारी त्याची वरची टर्मिनल चालूच असतात. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचाही फेज जिवंत राहतो, म्हणून काम सुरू होण्याआधी तो बंद करून त्याची लाईन कुठून कुठं गेलीय ते वायरमनला दाखवा. मीटरचं सील तोडावं लागत असेल तर थांबा. ते महावितरणच्या माणसासमोरच उघडायचं.