टारफुल्याचे पोस्टर घेऊन निघताना

प्रिय विद्यार्थिनी,

अनेक आशीर्वाद.

पश्चिम केनियातील मक्याच्या शेतांत माजणाऱ्या टारफुला या तणावरचा तुझा अभ्यास ‘ट्रोपेनटाग’ या उष्ण प्रदेशांतील शेतीवरच्या परिषदेत पोस्टर म्हणून स्वीकारला गेल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. व्याख्यानाची संधी हुकली म्हणून तू हिरमुसली आहेस, हेही जाणवले. पण व्याख्यानानंतर एखाददुसरा प्रश्न होतो आणि लगेच पुढचा वक्ता उभा राहतो. पोस्टरसमोर मात्र माणूस थांबतो, आलेखावर बोट ठेवतो आणि ‘हे असे का?’ म्हणून विचारतो. तुझ्या विषयाला अशा थांबणाऱ्या माणसांची गरज आहे.

दरवर्षी सप्टेंबरमध्ये जर्मनी आणि आसपासच्या देशांतील विद्यापीठांत आळीपाळीने भरणाऱ्या या परिषदेचे नाव म्हणजे शब्दशः ‘उष्णकटिबंध दिन’. तिच्या यजमानांपैकी एक असलेल्या कासेल विद्यापीठाचा सेंद्रिय शेतीचा विभाग व्हिट्झेनहाउझेन या लहानशा गावात आहे. त्याच गावात 1898 मध्ये वसाहतींत शेती करायला जाणाऱ्या जर्मन तरुणांसाठी शाळा निघाली होती. उष्ण प्रदेशांविषयीचे युरोपातील ज्ञान पूर्वी कोणासाठी जमवले जात असे, ते यावरून कळते. आज तिथे केनिया, घाना, व्हिएतनाम आणि भारतातील विद्यार्थी स्वतःच्या नोंदी घेऊन उभे राहतात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि म्हणूनच तुझ्या पोस्टरवर शेत आणि शेतकरी स्पष्ट दिसावेत, असा माझा आग्रह आहे.

सध्याच्या मसुद्यात ते दिसत नाहीत. ‘उष्णकटिबंधीय अल्पभूधारक’ या शब्दात माती, पाऊस, गाय, मजुरी सगळेच बुडून जाते. तू ज्याला स्ट्रायगा लिहितेस, तोच आपल्याकडे ज्वारीत आणि उसात टारफुला म्हणून ओळखला जातो. जात निराळी, पण पिकाच्या मुळाला चिकटून अन्नरस ओढून घेण्याची रीत तीच. फुले जमिनीवर दिसतात तोवर नुकसान बरेचसे होऊन गेलेले असते. जमिनीत स्फुरदाची (फॉस्फरसची) टंचाई असली की पिकाची मुळे उपकारक बुरशीला बोलावण्यासाठी जी रसायने सोडतात, त्यांचीच चाहूल लागून टारफुल्याचे बी उगवते. म्हणजे जमीन जितकी उपाशी, तितके हे तण माजते. तुझी मातीची आकडेवारी कोपऱ्यातल्या तक्त्यात पडली आहे, ती मध्यभागी आण.

मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक आणि बांधाला नेपियर गवत लावण्याची, केनियातील ‘इसिपे’ या कीटक-संशोधन संस्थेने विकसित केलेली ‘पुश-पुल’ पद्धत तू नीट समजावली आहेस. डेस्मोडियमच्या मुळांतील द्रव्यांमुळे टारफुल्याचे बी उगवते, पण मक्याच्या मुळाला न चिकटताच मरते. त्याच्या वासाने खोडकिड्याचे पतंग दूर पळतात आणि नेपियरकडे ओढले जातात. हे सारे सुंदर आहे. परंतु काही कुटुंबांनी ही पद्धत सोडून दिल्याचे तू मला पत्रात लिहिलेस आणि पोस्टरमधून वगळलेस. असे का केलेस? डेस्मोडियमचे बियाणे सहज मिळत नाही, पहिल्या हंगामात ते जम धरेपर्यंत खुरपणी वाढते, आणि ज्याच्या दावणीला जनावर नाही त्याला त्या चाऱ्याचा उपयोग काय, हे त्या कुटुंबांनीच तुला सांगितले होते. तुझ्या अभ्यासातील सर्वांत मौल्यवान भाग तोच आहे. माझ्या पहिल्या परिषदेत मी दोन फसलेली शेते सरासरीतून गाळली होती. कोणाच्या लक्षात आले नाही, पण त्या दोन शेतकऱ्यांना पुढे तोंड दाखवताना मला फार जड गेले.

तिथे गेल्यावर नामवंत प्राध्यापकांना जरूर भेट, मात्र सगळा वेळ त्यांच्यात घालवू नकोस. बुर्किना फासोचा एखादा विद्यार्थी भेटला तर त्याला ‘झाई’ खड्ड्यांविषयी विचार: कोरड्या दिवसांत टणक जमिनीत खड्डे खणून त्यांत शेणखत घालायचे आणि पावसाची वाट पाहायची. ही जुनी रीत सुधारून पसरवणारे याकुबा सावादोगो शेतकरीच होते. 2018 मध्ये त्यांना ‘राइट लाइव्हलीहुड’ पुरस्कार मिळाला. खड्डे कोणी खणले, किती दिवस लागले, खत कुठून आणले, असे प्रश्न तू विचारलेस तर तोही तुझ्या पोस्टरपाशी येऊन तसेच प्रश्न विचारील. इंग्रजी बोलताना अडखळलीस तरी घाई करू नकोस. तिथल्या बहुतेकांची ती मातृभाषा नाही.

एक वही फक्त प्रश्नांसाठी ठेव. ज्याचे उत्तर देता आले नाही तो प्रश्न, विचारणाऱ्याचा देश आणि पीक, एवढे त्याच संध्याकाळी लिहून काढ. सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव, म्हणजे छपाईआधी मातीचा तक्ता आपण दोघी मिळून पाहू. आणि ज्या कुटुंबांनी पद्धत सोडली, त्यांच्यापर्यंत हे पोस्टर त्यांच्या भाषेत कसे पोहोचवता येईल, तेही मसुद्यासोबतच्या पत्रात लिही.

तुझी,
मॅडम