संग्रहालयाच्या कामाला अर्ज करण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. वॉशिंग्टनमधल्या एका सरकारी संग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या आराखड्यासाठी तुमची छोटी कंपनी पहिल्यांदाच अर्ज करते आहे आणि तो तयार करायची जबाबदारी तुझ्यावर आली, याचा फार आनंद झाला. तू विचारलं आहेस की दर किती खाली ठेवला तर काम मिळेल. सुरुवात तिथूनच करतो, कारण हा प्रश्न आत्ता मनातून काढून टाकायचा आहे.

अमेरिकेत संघ सरकारच्या कामासाठी वास्तुविशारद आणि अभियंते निवडताना दरांची स्पर्धा नसते. १९७२चा कायदा आहे, टेक्सासचे खासदार जॅक ब्रूक्स यांच्या नावाने ओळखला जातो. त्यानुसार निवड मंडळ आधी पात्रता पाहतं, निदान तीन सर्वांत लायक कंपन्यांशी चर्चा करतं, त्यांचा क्रम लावतं आणि मग फक्त पहिल्या क्रमांकाच्या कंपनीशी पैशांची बोलणी सुरू होतात. ती फिसकटली तर रीतसर संपवून दुसऱ्या क्रमांकाला बोलावतात. म्हणून अर्जात फीचा आकडा कुठेही येऊ देऊ नकोस. ‘आम्ही किफायतशीर आहोत’ असं वाक्यसुद्धा नको. त्या मंडळाला किंमत विचारात घ्यायचीच नसते.

त्यांच्या हातात असतो तो एसएफ ३३०, म्हणजे कंपनीची पात्रता मांडायचा सरकारी फॉर्म. तो पाठवायच्या आधीच्या आठवड्यात सगळे लोक ‘एफ’ विभागावर तुटून पडतात, कारण तिथे आधीचे दहा प्रकल्प दाखवायचे असतात आणि फोटो छान दिसतात. माझी विनंती आहे, तू ‘जी’ विभागापासून सुरुवात कर. तो एक साधा तक्ता आहे. उभ्या बाजूला टीममधली मुख्य माणसं, आडव्या बाजूला ते दहा प्रकल्प, आणि ज्याने जिथे काम केलं तिथे खूण. मंडळावरचा अनुभवी माणूस तो तक्ता आधी उघडतो.

मी हे ठेच खाऊन शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका संग्रहालयासाठी अर्ज केला. प्रकल्प एकाहून एक देखणे होते. निवड झाली नाही, म्हणून कारणं समजून घ्यायला आम्ही डीब्रीफिंग मागितलं. समोरच्या बाईंनी तक्त्याचं पान शांतपणे आमच्यापुढे ठेवलं. अर्ध्याहून जास्त चौकोन रिकामे होते. ते प्रकल्प करणारी माणसं कंपनी सोडून गेली होती, आणि अर्जातल्या माणसांनी ते प्रकल्प केले नव्हते. कोणी खोटं बोललं नव्हतं, पण आम्ही दुसऱ्यांचं काम आपलं म्हणून मांडलं होतं. त्या दिवसापासून मी आधी माणसं ठरवतो आणि त्यांच्या हातचे प्रकल्प मग निवडतो, ते कमी देखणे असले तरी चालतील. आणि हो, काम मिळो न मिळो, डीब्रीफिंग दर वेळी मागायचं.

आता तुझ्या मसुद्याबद्दल, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. त्यात दर्शनी भाग आहे, नवा जिना आहे, छतातून येणारा उजेड आहे. वस्तू कुठेच नाहीत. ज्यांच्यासाठी ती इमारत उभी आहे त्या लाकडाचा, कापडाचा, कागदाचा उल्लेख एकदाही नाही. मंडळावर बहुधा संग्रहालयाची माणसं असतात. त्यांना झोपेतून उठवणारी गोष्ट एकच, दालनातली आर्द्रता हलली.

वॉशिंग्टनमधली बरीच संग्रहालयं चालवणाऱ्या स्मिथसोनियन संस्थेने आपल्या दालनांसाठी ४५ टक्के सापेक्ष आर्द्रता, ८ टक्के अधिक-उणे, आणि ७० अंश फॅरनहाइट, ४ अंश अधिक-उणे, अशी मर्यादा ठेवली आहे. कागदावर ती साधी वाटते. पण ७० अंशांच्या, ४५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, साधारण ४८ अंशांवर येतो. म्हणजे वॉशिंग्टनच्या हिवाळ्यात भिंतीच्या आत जिथे जिथे तापमान त्याखाली जाईल आणि आतली हवा पोचेल, तिथे पाणी धरेल. कार्यालयाच्या इमारतीत हिवाळ्यात आर्द्रता पडू दिली तरी फारसं बिघडत नाही, संग्रहालयात ती टिकवायचीच असते. जुन्या इमारतीच्या भिंतीत बाष्प अडवणारा थर बहुतेक वेळा नसतो. मग यंत्रणा कितीही चांगली बसवलीस तरी ती दगड आणि विटा आतून भिजवत राहील. म्हणून हे काम एकट्या मेकॅनिकल इंजिनिअरचं किंवा एकट्या वास्तुविशारदाचं राहत नाही. भिंत, काच, छत आणि हवा यांचा विचार पहिल्या दिवसापासून एकत्र करावा लागतो. तुमची टीम असं काम करते हे फॉर्मच्या ‘एच’ विभागात, जिथे जादा माहिती लिहायची असते, एखाद्या खऱ्या उदाहरणाने सांग. उदाहरण लहान असलं तरी चालेल, पण त्यात आकडे असू देत: आधी आर्द्रता किती हलत होती, नंतर किती.

वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोठ्या मैदानावरच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे बघ. १ जुलै १९७६ला उघडलेली ती इमारत. तिच्यावर टेनेसीचा गुलाबी संगमरवर लावला होता. त्याच्या पातळ फरश्या काही दशकांत वाकल्या, तडकल्या. २०१८मध्ये काम सुरू झालं ते बाहेरचा सगळा दगड बदलायचं, आणि सोबत आतल्या यंत्रणाही. तेसुद्धा संग्रहालय सगळं काम संपेपर्यंत बंद न ठेवता, टप्प्याटप्प्याने. आधी पश्चिमेचा अर्धा भाग घेतला, तो ऑक्टोबर २०२२मध्ये लोकांना खुला झाला. विमानं आणि यानं हलवायची, झाकायची, धुळीपासून आणि हादऱ्यांपासून जपायची, आणि शेजारच्या दालनात शाळेची मुलं फिरतायत. तुझ्या अर्जात टप्प्यांचा विचार दिसला पाहिजे तो याच कारणाने. कॉन्झर्वेटरला, म्हणजे वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाला, सल्लागार म्हणून टीममध्ये घे, आणि त्याला केवळ नावापुरता ठेवू नकोस. कंपनाची मर्यादा त्याने ठरवू दे.

पैशांचं. पहिला क्रमांक मिळाला तर बोलणीच्या टेबलावर सरकारकडे स्वतःचा अंदाज तयार असतो, तासांसकट. आराखडे, नकाशे आणि तपशीलपत्रकं यांची फी बांधकामाच्या अंदाजित खर्चाच्या ६ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. बांधकाम १ कोटी डॉलरचं धरलं तर ६ लाखांपर्यंत. तरुण लोक इथे घाबरतात आणि सगळं काम त्या ६ टक्क्यांत कोंबतात. तसं करू नकोस. अस्तित्वातल्या इमारतीची पाहणी, भिंत उघडून केलेल्या चाचण्या, वर्षभराच्या आर्द्रतेच्या नोंदी, बांधकामाच्या वेळची देखरेख, या गोष्टी आराखडा काढण्यात मोडत नाहीत. त्यांचे तास वेगळे लिही, कारणासकट लिही. संग्रहालयाच्या कामात खरा वेळ बहुधा इथेच जातो. तास लपवून काम घेतलंस तर सहा महिन्यांनी तू भिंत न उघडताच तिच्याबद्दल अंदाज बांधायला लागशील, आणि त्याची किंमत आतल्या वस्तू देतील.

कंत्राटातलं आणखी एक कलम नीट वाच. ठरलेल्या निधीत बांधता येईल असा आराखडा देणं सहसा तुझी जबाबदारी असते. कंत्राटदारांच्या निविदा त्याच्या वर गेल्या तर आराखडा स्वखर्चाने बदलावा लागू शकतो. म्हणून खर्चाचा अंदाज करणारा माणूस शेवटी नको, पहिल्या बैठकीपासून हवा.

वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतींचे आराखडे तपासणारे राजधानी नियोजन आयोग आणि ललित कला आयोग यांच्या मंजुऱ्यांचा वेळ वेळापत्रकात धर. त्या एका बैठकीत मिळतील असं गृहीत धरू नकोस.

हे काम मिळालं नाही तर? मग संग्रहालयांची आयडीआयक्यू कंत्राटं बघ. त्यात कंपनी एकदा निवडली जाते आणि पुढची काही वर्षं छोट्या छोट्या टास्क ऑर्डर येतात: गळकं छत, थंड पाणी पुरवणारा एखादा चिलर, साठवणीच्या खोलीचं दार. मोठ्या कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो. मला स्वतःला संग्रहालय म्हणजे काय ते अशाच एका साठवणीच्या खोलीत कळलं. खणांच्या रांगा होत्या, आणि तिथली क्युरेटर एक जुनी रजई उलगडून सांगत होती की हिची घडी पडते तिथे धागे तुटतायत, गेल्या हिवाळ्यात खोली कोरडी पडली तेव्हापासून. आमचं काम होतं फक्त एक डॅम्पर, म्हणजे हवेच्या नळीतली झडप, बदलण्याचं. ते काम मी जितक्या मनापासून केलं तितकं त्याआधी कुठलंच केलं नव्हतं.

अर्ज जायच्या दहा दिवस आधी ‘जी’चा तक्ता मला पाठव. रिकामे चौकोन झाकू नकोस, आहेत तसेच राहू देत. त्यांच्यावर आपण दोघं फोनवर बसून बोलू.

तुझा,
काका