वडील 58 वर्षांचे, त्रास काही नाही. कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करून घेतली तर मेडिक्लेम पैसे देतो का? (जळगाव)

नाही देत. नुसत्या तपासणीसाठीची भरती पॉलिसीत सरळ वगळलेली असते. अटींमध्ये ‘एक्सक्लूजन 04’ काढून बघा. महात्मा फुले योजना उपचारासाठी आहे आणि सरकारी कॅन्सर तपासणी तोंड, स्तन, गर्भाशयमुख एवढ्यापुरतीच. आतड्याचा खर्च खिशातूनच.

म्हणूनच ‘सगळं पॅकेजमध्ये आहे’ हे कागदावर लिहून मिळाल्याशिवाय घरी आतडं साफ करायची पावडर कालवू नका. यावरून माझी रोज भांडणं होतात. चोपड्याकडच्या एका मास्तरांची फाइल हातात आली होती. स्कोपीचा आकडा ठरलेला. बिलात भूलतज्ज्ञ वेगळा, पॉलिप (आतड्यात आतून वाढलेली छोटी गाठ) कापायची स्नेअर, म्हणजे तारेचा फास, वेगळी, बायोप्सीच्या दोन इवल्याशा बाटल्यांचे पैसे दोनदा. पॉलिप निघाला, कापलाही, पण डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी’. क्लेम नामंजूर! पॉलिप काढणं बऱ्याच पॉलिसींच्या डे-केअर (24 तास भरती न होताही पैसे मिळतात अशा उपचारांच्या) यादीत असतं. पॉलिप कुठे होता, केवढा होता, कसा काढला, हे लिहिलेली प्रोसिजर नोट आणि बायोप्सीचा रिपोर्ट जोडला, तेव्हा पैसे आले.

दुसरा फटका बसतो तयारीत. आतडं साफ नसेल तर स्कोपी अर्धवट राहते आणि पुन्हा पैसे भरा. 3 दिवस आधीपासून भरीत, ठेचा बंद. वांग्या-मिरचीच्या बियांनी स्कोपची नळी तुंबते. पावडरचं पाणी अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. सगळं रात्रीच संपवलं तर सकाळपर्यंत उजवीकडचं आतडं पुन्हा माखतं. शेवटी लघवीसारखं पिवळं, बिनगाळाचं पाणी पडलं पाहिजे.

घरात आतड्याचा कॅन्सर कुणालाच नसेल तर मी आधी फिट (FIT) तपासणी सांगेन, शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी. शौचाचा नमुना द्यायचा, पथ्य नाही, दरवर्षी एकदा, खर्च स्कोपीच्या मानाने किरकोळ. पॉझिटिव्ह आली की मात्र स्कोपीच. ‘मूळव्याधीचं असेल’ म्हणत फिटच पुन्हा करत बसणं साफ चूक. पावती जपा: जुन्या करपद्धतीत आरोग्य विम्याच्या वजावटीच्या (80डी) मर्यादेतच अशा तपासणीचे 5,000 रुपयांपर्यंत धरता येतात, रोख दिले असले तरी.

आणि हो, क्लेमसाठी खोटं लक्षण लिहून घेऊ नका, पुढचे खरे क्लेमही अडकतात. शौचातून रक्त पडत असेल किंवा वजन घटत असेल तर फिटमध्ये वेळ न घालवता थेट डॉक्टर गाठा. रक्त पातळ करायची किंवा शुगरची गोळी चालू असेल तर ती कधी थांबवायची हे त्यांनाच विचारा.