पंखा फार ओरडतो

प्रश्न : संगणकाच्या रायझन ५ ५६०० प्रोसेसरसोबत आलेला, त्याला थंड ठेवणारा पंख्याचा कूलर उन्हाळ्यात फार ओरडतो, घरचे वैतागलेत. प्रोसेसर पाण्याने थंड करणारा कूलर घेऊ का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पाण्याच्या भानगडीत कशाला पडता? तुमचा प्रोसेसर ६५ वॅटचा. त्याला १२० मिमी पंख्याचा टॉवर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा मनोरा आणि त्याला लावलेला पंखा) रग्गड झाला. मोठा पंखा सावकाश फिरूनही भरपूर हवा ढकलतो. डीपकूलचा एके४०० चालेल, पण तो १५५ मिमी उंच. आधी कॅबिनेटमध्ये पट्टी लावून बघा, नाहीतर झाकण बसायचं नाही. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच तापलेली असते, त्यामुळे प्रोसेसर ८० अंशांवर गेला तरी घाबरू नका, त्याची मर्यादा ९० आहे. आणि हो, पुढच्या जाळीवरची धूळ आजच झाडा. निम्मी ओरड तिचीच असेल.