प्रोबायोटिक (आरोग्यासाठी मुद्दाम घेतले जाणारे उपयुक्त) जिवाणू स्वतःच प्रतिजैविकांना दाद देत नसतील, तर ते घेणे धोक्याचे नाही का?

धोका आहे की नाही, हे तो प्रतिकार कोणत्या प्रकारचा आहे यावर अवलंबून असते. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, प्लँटारम यांसारखे जिवाणू व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला दाद देत नाहीत, कारण हे औषध पेशीभित्तिकेच्या घटकांमधील ज्या डी-अ‍ॅलॅनिनच्या जोडीला चिकटते, तिच्या शेवटी या जिवाणूंत डी-लॅक्टेट असते आणि औषधाला पकडच मिळत नाही. हा गुण त्यांच्या मूळ गुणसूत्रातला असल्यामुळे तो सहसा इतर जिवाणूंकडे जात नाही. याउलट, टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) असेल, तर ते आतड्यातील रोगकारक जिवाणूकडे जाऊ शकते, आणि खरी काळजी याचीच करायला हवी. म्हणूनच किमान रोधक मात्रा (जिवाणूची वाढ थांबवणारे औषधाचे सर्वांत कमी प्रमाण) मोजून न थांबता संपूर्ण जनुकसंच वाचणे मला अत्यावश्यक वाटते.

लसूण आणि हळद प्रतिजैविकांसारखे काम करतात का, हेही आपण विचारले आहे. लसूण ठेचल्यावर त्यात तयार होणारे अ‍ॅलिसिन १९४४ मध्ये वेगळे केले गेले आणि त्याचा जिवाणुरोधक गुण प्रयोगशाळेत दिसतो. मात्र पेट्री डिशमध्ये पदार्थाभोवती जिवाणू न वाढल्याने दिसणाऱ्या स्वच्छ वर्तुळाचा व्यास पदार्थाच्या ताकदीइतकाच तो अगारमध्ये (जिवाणू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरात) किती पसरतो यावरही ठरतो. पाण्यात जेमतेम विरघळणारे हळदीतील कर्क्युमिन तिथे उगाचच दुबळे ठरते. शिवाय अ‍ॅलिसिन रक्तात फार काळ टिकत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली प्रतिजैविके थांबवून लसणावर विसंबू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.