‘बॅरॅक फॉर’ : हुर्यो की कैवार?

प्रश्न : नोकरीसाठी मेलबर्नला गेलेल्या माझ्या भाचीला ऑफिसात विचारलं, ‘हू डू यू बॅरॅक फॉर?’ शब्दकोशात तर बॅरॅक म्हणजे हुर्यो उडवणे. मग हा काय प्रश्न झाला?

उत्तर : ‘फुटीमध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, तू कुठल्या संघाची?’ एवढंच विचारलं त्यांनी. तुमचा कोश इंग्लंडच्या वळणाचा असणार. तिथे नुसतं ‘बॅरॅक’ म्हणजे खेळाडूला ओरडून ओरडून हैराण करणं. १९३३ साली बॉडीलाइनच्या, म्हणजे फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या, भांडणात इंग्लंडचं क्रिकेट चालवणाऱ्या एमसीसीने ऑस्ट्रेलियन क्रिकेट बोर्डाकडे ज्या बॅरॅकिंगची तक्रार केली, ते हेच. ऑस्ट्रेलियात मागे ‘फॉर’ लागला की हुर्योचा कैवार होतो. भाचीला एक मात्र बजावा : अमेरिकन सवयीनं पाठिंब्याला ‘रूट फॉर’ म्हणू नको. तिकडे ‘रूट’ला भलताच अर्थ आहे.

आणि फुटीला रग्बी म्हणत असाल, तर ते आता तरी थांबवा. लंबगोल मैदान, दोन्ही टोकांना चार-चार खांब; मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. पहिले नियम १८५९ साली मेलबर्नमध्येच लिहिले गेले.

आता शब्दाकडे. मेलबर्नमधल्या व्हिक्टोरिया बराकीतले सैनिक मैदानावर आरडाओरडा करायचे, म्हणून ‘बॅरॅकर’, ही गोष्ट मला आजवर इतक्यांनी ऐकवली आहे की आता ‘बराक’ म्हटलं तरी डोकं उठतं. नाव जुळलं की व्युत्पत्ती झाली, असं मानणाऱ्यांसाठी ती ठीक आहे.

खरी गंमत ‘बोराक’मध्ये आहे. मेलबर्नजवळच्या जिलाँगच्या आसपासच्या वाथावुरुंग या मूळ रहिवाशांच्या भाषेत बोराक म्हणजे ‘नाही’. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला थापा, बाष्कळ बडबड. आणि ‘पोक बोराक’ म्हणजे सरळ टर उडवणं. त्या मुलखात ‘नाही’ हा मोठा मानाचा शब्द बरं का! वेंबा वेंबा आणि योर्ता योर्ता या भाषांची नावंच मुळी त्यांच्या नकारावरून पडली आहेत. आपल्या भाषेचं नाव ‘नाही-नाही’ असतं तर? (काही सरकारी कचेऱ्यांत ते शोभलंही असतं.)

प्रा. एडवर्ड मॉरिस यांनी १८९८ च्या ‘ऑस्ट्रल इंग्लिश’ या कोशात ‘बॅरॅक’चं मूळ म्हणून बोराकचीच बाजू घेतली. ‘बॅरॅक’चा टर उडवण्याचा अर्थ आधीचा, पाठिंब्याचा नंतरचा, असंही ते सांगतात. व्हिक्टोरियाच्या विधानसभेत अध्यक्षांनी ‘बॅरॅक’ हा शब्द असंसदीय ठरवल्याची नोंदही त्यांचीच.

अलीकडचे ऑस्ट्रेलियन कोशकार मात्र उत्तर आयर्लंडच्या बोलीकडे बोट दाखवतात. तिथे बॅरॅक म्हणजे स्वतःच्या मर्दुमकीची बढाई मारणं. मेलबर्नमध्ये आयरिश माणसं भरपूर होती, कबूल. पण बढाई माणूस स्वतःची मारतो. टर दुसऱ्याची उडवतो. बढाईवरून प्रतिपक्षाच्या हुर्योपर्यंत शब्द पोचला कसा, हे या विद्वानांनी मला पटेल असं सांगितलेलं नाही. हुर्योवरून कैवारापर्यंतची वाट मात्र पावलाएवढी आहे. पुरावा हवा तर सामना बघा. टॅकल झालेल्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं धरलेल्या, खेळाडूनं चेंडू सोडला नाही की स्टँडमधून एकच गर्जना उठते, ‘बॉऽऽऽल!’ ती असते पंचाला उद्देशून, पण तिच्यात त्या खेळाडूची टरही असते आणि आपल्या संघाचा कैवारही. १९७० साली कार्लटन-कॉलिंगवूड अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर १,२१,६९६ माणसं होती. एवढ्या गोंगाटात हे दोन अर्थ वेगळे काढून दाखवा बघू!

हां, भाचीचं राहिलं. तिनं उत्तरादाखल कुठल्याही संघाचं नाव सांगावं, चालेल. बाकी सगळ्यांना नकोसा असलेला कॉलिंगवूड म्हणाली, तर तुमच्या कोशातला अर्थही ऑफिसात ताबडतोब ऐकायला मिळेल.