हातघडणीची म्हणून घेतलेली साखळी मशीनची निघाली तर

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी नागपुरातल्या इतवारीच्या सराफ्यातून 20 ग्रॅमची, 22 कॅरेटची साखळी घेतली. भाव 9,000 रुपये ग्रॅम. 'भरीव, हातघडणीची' म्हणून 18 टक्के घडणावळ (घडवण्याची मजुरी) लावली. त्याच दुकानात मशीनच्या साखळीला 9 टक्के होती. आता एक कडी तुटली, तर आत पोकळ. दुसऱ्या कारागिराने मशीनची असल्याचं सांगितलं. दुकानदार म्हणतो, हॉलमार्क आहे ना, मग तक्रार कसली? (एक वाचक, महाल)

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, ती कडी कुणाकडूनही जोडून घेऊ नका. एकदा डाख (जोडाचा झाळ) लागला की तुमचा सर्वांत भक्कम पुरावा गेला. 'ठेवून जा, दुरुस्त करून देतो' असं दुकानदार म्हणेल. वजन, तुटल्या जागेचा उल्लेख आणि एचयूआयडी (दागिन्यावरचा ओळख क्रमांक) लिहिलेली सही-शिक्क्याची पावती मिळाल्याशिवाय साखळी त्याच्या हाती देऊ नका. मोडीत तर मुळीच घालू नका.

हॉलमार्कने फक्त सोन्याची शुद्धता कळते. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, 22के916 ही 22 कॅरेटची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, या तिन्हींत साखळी कशी घडवली याबद्दल एक शब्द नाही. एचयूआयडी बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासा. शुद्धता बरोबर असेल तर बीआयएसकडे जाण्यात वेळ घालवू नका. तुमची तक्रार घडणावळीची आहे. मशीनची साखळी म्हणजे खोटी साखळी नव्हे, पण ती हातघडणीची सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) खालची अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

हिशेब असा: सोनं 1,80,000 रुपये. 18 टक्क्यांनी घडणावळ 32,400, 9 टक्क्यांनी 16,200. फरक 16,200, त्यावर 3 टक्के जीएसटी 486, म्हणजे जादा घेतले 16,686 रुपये.

आता बिल काढा. 'हँडमेड' किंवा 'हातघडण' असं स्पष्ट लिहिलं असेल तर काम सोपं. नुसतं 'एचएम' असेल तर दुकानदार त्याचा अर्थ हॉलमार्क सांगेल. मग 18 टक्क्यांचा आकडा, दुकानाचं दरपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी यांवर भिस्त ठेवावी लागेल. ती बोलणी मोबाइलमधून पुसू नका; दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र जोडा.

कारागिराचं तोंडी मत टिकणार नाही. त्याच्याकडून शपथपत्र घ्या. त्यात काय असावं, हे महत्त्वाचं आहे. कड्या एकसारख्या आहेत एवढ्याने भागत नाही, कारण चांगल्या हाताच्या कड्याही एकसारख्या येतात. हूक आणि शेवटच्या कड्या तर मशीनच्या साखळीतही हातानेच झाळतात. दुकानदाराचा वकील नेमका तोच जोड दाखवेल. म्हणून मधल्या कड्या दहापट भिंगाखाली पाहून फोटो घ्यावेत. तुमच्या बाजूने बोलणारी मुख्य गोष्ट पोकळपणा. इतक्या बारीक पोकळ कड्या साध्या धातूच्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा चढवून मशीनवर विणतात आणि नंतर आम्लात गाभा विरघळवतात. हातघडणीच्या भरीव कडीत तार असते, नळी नसते.

दुकानाला 15 दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. दाद मिळाली नाही तर नागपूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार करा. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्याच कलम 38 खाली साखळी प्रयोगशाळेत पाठवण्याची विनंती त्याच तक्रारीत करा.

मागणी लिहिताना घाई नको. नुसती रक्कम परत मागितलीत आणि दरम्यान भाव चढला असेल तर त्या पैशांत 20 ग्रॅम सोनं येणार नाही. म्हणून पहिली मागणी तेवढ्याच वजनाच्या भरीव हातघडणीच्या साखळीची करा. ते शक्य नसेल तर पर्यायी मागणी 16,686 रुपये व्याजासह, आणि दोन्हींसोबत मनस्ताप व तक्रारीचा खर्च.